पाकळीचा ल

पहिला माणूस मारला गेला तेव्हा ईश्वरी उरकुडे शिव्या वाचत बसली होती. शिव्या तिला रोजच्याच. चंद्रपुरात वडिलांच्या जुन्या रंगदुकानाच्या माडीवर तिची प्रयोगशाळा होती, आणि तिथे ती आणि तन्वीर शेख असे दोघे मिळून 'घोंगडी' नावाचा न्याहाळक सांभाळत. न्याहाळक म्हणजे ज्या खिडकीतून आपण जाळ्यावरची पानं बघतो ती खिडकी. घोंगडी फुकट होती आणि मुक्तस्रोत होती. तिची आज्ञावली कुणीही उघडून वाचावी, दुरुस्त करावी, हवी तर उचलून आपल्या कामाला लावावी. अट एकच, की करणाऱ्यांची नावं पुसायची नाहीत.

आता फुकटच्या वस्तूला नावं ठेवायला कुणाच्या बापाचं काय जातं? पानं सावकाश उघडतात. बँका दारातच अडवतात. खिडकी पडदाभर मोठी केली तरी चारी बाजूंनी बोटभर राखाडी पट्टा सोडतेच. नवी आवृत्ती आपण होऊन कधी घेत नाही, आपणच आठवणीने आणायची. एका गृहस्थाने तर लिहिलं होतं की यापेक्षा बैलगाडीने पान मागवलं असतं तर लवकर आलं असतं. ईश्वरी प्रत्येकाला सविस्तर उत्तर द्यायची, कारण यातलं काहीही चुकून झालेलं नव्हतं.

त्याचं असं होतं की आपण पान बघतो तेव्हा पानही आपल्याला बघत असतं. पडद्याची लांबीरुंदी, घड्याळ, भाषा, अक्षरांची वळणं, बोटांचा वेग, सगळं मोजून ते एक ठसा तयार करतं. तन्वीर त्याला वावरठसा म्हणायचा. नाव बदला, गाव बदला, वावरठशावरून तुम्ही नेमके सापडता. घोंगडीने यावर साधा तोडगा काढला होता. ठसा लपवायचाच नाही, सगळ्यांचा एकच करायचा. राखाडी पट्टा एवढ्यासाठीच, की सगळ्यांची खिडकी एका मापाची दिसावी. शिवाय घोंगडी कुणाच्या नोंदी ठेवत नसे आणि करणाऱ्यांनाही काही कळवत नसे. ती कोण वापरतं, किती जण वापरतात, हे खुद्द ईश्वरीला ठाऊक नव्हतं, आणि याचा तिला मोठा अभिमान होता.

हट्ट तिने एकाच ठिकाणी केला होता. पानं न्याहाळकाला गुपचूप चार अक्षरं काढायला लावतात आणि त्यांची वळणं मोजतात. तन्वीरचं म्हणणं होतं की जगभर चालतो तोच साचा घ्यावा, उजवीकडे उभी दांडी असलेल्या ल सकट. ईश्वरी त्या दांडीच्या ल कडे बघायलाही तयार नव्हती. तिचे वडील मारोतराव पाट्या रंगवणारे. अर्ध्या चंद्रपुरावर त्यांच्या हातचा ल होता, दोन पाकळ्यांचा, उजवी पाकळी किंचित भरलेली आणि शेवटी कुंचला उचलताना आलेला बारीकसा झटका. तिने तोच घोंगडीत बसवला.

तन्वीरने तेव्हा स्पष्ट बजावलं होतं. "आपली माणसं एकमेकांसारखी दिसतील, पण जगापासून वेगळी पडतील. घोंगडी लहान होईल, ईश्वरी."

"होऊ दे," ती म्हणाली होती. "पाकळीच्या ल साठी कुणी गोळी घालणार आहे का आपल्याला?"

पहिला माणूस मारला गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी 'दक्षनेत्र' कंपनीचे संचालक पालेवार गाडीत बसले आणि गाडीसकट उडाले. शहराच्या सुरक्षेचा ठेका दक्षनेत्रकडे होता. तिची उडती यंत्रं दिवसभर वर घिरट्या घालत, लोक त्यांना घारी म्हणत. नव्या कायद्याने घारींना मोकळीक होती: खुनी ओळखू आला की जागीच मारायचा, खटलाबिटला भानगड नाही. लोकांनी या कायद्याचं स्वागतच केलं होतं, कारण आपण खुनी नाही याची प्रत्येकाला खात्री होती.

दुसऱ्या दिवशी समोरच्या औषधदुकानात वासेकर गल्ल्यावर बसून फोनवर बातम्या वाचत होता. घार रस्त्यावर उतरली, दुकानाच्या दाराशी छातीच्या उंचीवर थांबली आणि तिने गोळ्या झाडल्या. वासेकर मागच्या फळ्यांवर आदळला. बाटल्या त्याच्या अंगावर फुटल्या, आणि औषधात मिसळलेलं रक्त पायरीवरून खाली यायला लागलं. घार तिथून उठली ती कोपऱ्यावरच्या सज्जात बसलेल्या निवृत्त प्राध्यापिकेकडे गेली. बाईंनी मान वर केली, तेवढाच वेळ त्यांना मिळाला. तिसरा एक तरुण हे बघून पळत सुटला, पण फोन हातातच धरून पळाला. घारीने त्याला नाल्याच्या पुलावर गाठलं आणि पाठीत गोळ्या घातल्या. तो कठड्यावरून अर्धा खाली लोंबकळत राहिला.

ईश्वरी खिडकीशी उभी होती. वासेकरच्या फोनमध्ये घोंगडी तिनेच टाकून दिली होती, आणि त्या बाईंना तन्वीरने.

तन्वीरने खुर्ची मागे सारली. "पालेवारला मारणाऱ्याने सगळा कट घोंगडीतून रचला असणार," तो म्हणाला. "यंत्राच्या हाती फक्त ठसा लागलाय. त्या ठशाचा माणूस दिसला की मारायचा. एक मेला तरी ठसा दुसरीकडे जिवंत."

"म्हणजे यंत्राच्या लेखी तो मरतच नाही."

"शेवटची घोंगडी बंद पडेपर्यंत नाही."

लोकांना सांगायला हवं होतं, पण सांगणार कसं? नोंदी नव्हत्या, नावं नव्हती, निरोप धाडायची वाट त्या दोघांनीच मोठ्या कौतुकाने बुजवून टाकली होती. अफवा पसरू नयेत म्हणून कंपनीने शहरातल्या फोनवरची बोलणी आणि निरोप बंद पाडले होते. पानं तेवढी वाचण्यापुरती सुरू ठेवली होती, कारण पानांवाचून ठसा दिसणार कसा. आणि तिकडे बाबुपेठेत मारोतराव सकाळपासून ओट्यावर पाटी घेऊन वर्तमानपत्रं चाळत बसलेले असणार. ही पाटी काचेची, लेकीनेच आणून दिलेली. ऐकू त्यांना कमीच यायचं. दुसरा कुठलाही न्याहाळक ते डोळ्यांपुढे धरायला तयार नसत, कारण त्यात त्यांचा ल नव्हता.

ईश्वरीने स्कूटरची किल्ली उचलली, पण जिन्यात बूट वाजले. दक्षनेत्रचे पाच-सहा जवान वर आले. तन्वीर आडवा गेला, तर एकाने बंदुकीचा दस्ता त्याच्या तोंडावर मारला. तो दात थुंकत खाली बसला. ईश्वरीला त्यांनी दंडाला धरून गाडीत कोंबलं.

वाटेत बसथांब्याच्या बाकावर एक बाई नुसतीच बसलेली दिसली. गाडी जवळून गेली तेव्हा कळलं, तिचा अर्धा चेहरा जागेवर नव्हता. जवानांपैकी कुणीतरी "अरे बाप रे" म्हणालं.

दक्षनेत्रचं कार्यालय सपाट गच्चीच्या उंच इमारतीत होतं. गच्ची घारींनी भरलेली होती. एक उठे, एक टेके. खालच्याच मजल्यावर नियंत्रणकक्ष. तिथे हिवरकर नावाचे मुख्य अधिकारी होते. सडसडीत, मृदू बोलणारे. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. समोरच्या अख्ख्या भिंतीवर शहराचा नकाशा पेटलेला होता. जिथे माणूस मेला तिथे लाल ठिपका. ठिपके इमारतीच्या भोवताली गोलाने वाढत बाहेर सरकत होते. बाबुपेठेच्या अलीकडच्या गल्लीत एक ठिपका तिच्या डोळ्यांदेखत उमटला. ओट्यावर बसलेला बाप तिच्या डोळ्यांपुढे उभा राहिला.

तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. हा एक माणूस नाही, हजारो आहेत, सगळ्यांचा ठसा मुद्दाम एकसारखा केलाय, खुनी त्यातला एखादाच. तिला वाटलं होतं हे ऐकून ते दचकतील, घारी माघारी बोलावतील.

हिवरकर शांतपणे ऐकत होते. "ते आम्हाला सकाळीच कळलं, मॅडम. मला फक्त त्या हजारांतला एक हवाय. तेवढा वेगळा काढून द्या, बाकीचे सुटतील."

"नाही काढता येत. येऊच नये म्हणून तर बनवलीय."

"मग माझाही नाइलाज आहे."

"फोन तरी सुरू करा. लोक घोंगडी बंद करतील, वाचतील बिचारे."

"आणि तोही बंद करेल. तोही वाचेल."

माणूस वेडा असता तर समजूत घालता आली असती. हा तर हिशेबाने बोलत होता. ती रडली, हात जोडले, वडिलांचं नाव घेऊन विनवलं. हिवरकरांनी सौजन्याने मान खाली घातली आणि पुढची पायरी समजावून सांगितली. एकेक करून मारण्यात वेळ जातो, तेवढ्यात ठसे इकडचे तिकडे होतात. म्हणून यंत्राने आता वरच्या पातळीची परवानगी मागितली होती. सगळ्या घारी एकाच क्षणी सुटतील आणि प्रत्येक घार आपल्याला सर्वांत जवळ असलेला ठसा धरून पोटातल्या स्फोटकासकट फुटेल. आजवर रुग्णालयं, शाळा, कचेऱ्या, ही इमारत आणि कंपनीची यंत्रं वर्ज्य असत. या पातळीला काहीच वर्ज्य नाही.

"तुमची यंत्रंसुद्धा?" तिने विचारलं, ते उगाच, वेळ काढायला.

"शत्रूने आमचीच घार पळवून तिच्यात दडी मारली तर? विचार केलाय आम्ही सगळा," हिवरकर म्हणाले. नकाशा बाजूला झाला आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत प्रश्न आला: लक्ष्य सर्वत्र नष्ट करावे?

ईश्वरी त्या ओळीकडे बघतच राहिली. पहिल्याच अक्षराला दोन पाकळ्या होत्या. उजवी किंचित भरलेली, आणि शेवटी बारीकसा झटका. लहानपणी ती शिडी धरून उभी राहायची आणि बाबा वर हाच झटका मारायचे. हा ल जगात दुसऱ्या कुणाचा असणं शक्य नव्हतं.

तिने मग भिंतीच्या कडा पाहिल्या. चारी बाजूंनी राखाडी पट्टा होता.

"हा पट्टा कशाला सोडलाय?" ती म्हणाली.

हिवरकर प्रथमच जरा वैतागले. "काही विचारू नका. तीन अभियंते बसवले, जातच नाही. पण बाकी सगळं उत्तम आहे. या भिंतीपासून घारीच्या डोळ्यापर्यंत एकच आज्ञावली. रस्ते, हवामान, चौकातले कॅमेरे, घारी सगळं तिच्यातूनच वाचतात. पूर्णपणे आमच्या लोकांनी लिहिलेली."

आमच्या लोकांनी. चोर ते चोर आणि वर मिजास. उचलली याचं दुःख नव्हतं, उचलायला तर ठेवलीच होती. पण लाजेने म्हणा की माजाने, त्यांनी नावं पुसली होती. नावं राहिली असती तर भिंतीच्या कोपऱ्यात 'घोंगडीवरून' असा एक शब्द दिसला असता, आणि हा हुशार माणूस पहिल्या गोळीआधीच चपापला असता. ल मात्र कुणी पुसला नव्हता. त्या तिघा अभियंत्यांना तो दिसलाच नसणार. ल म्हणजे ल, त्यात काय बघायचं?

हिशेब तिने मनातल्या मनात मांडला. प्रत्येक घारीच्या अंगावर तोच ठसा आहे. घार सर्वांत जवळचा ठसा धरणार. आणि घारीला स्वतःपेक्षा जवळचं कोण?

ती बोलली तर हिवरकर घारी पुन्हा वर्ज्य करतील आणि परवानगी देतील, म्हणजे बाबा गेले. ती बोलली नाही तर एकही घार उरणार नाही, पण अर्ध्याअधिक घारी आत्ता तिच्या डोक्यावर गच्चीत बसल्या होत्या. ईश्वरीला मरायचं नव्हतं. तिला घरी जायचं होतं, बाबांच्या ओट्यावर बसून कोरा चहा प्यायचा होता, आणि ही इच्छा इतकी जोरात उसळली की सगळं सांगून टाकावं असं तिला क्षणभर वाटलं. कक्षात पडद्यांसमोर पंचविशीतली मुलंमुली बसली होती. एकीने डबा उघडून तसाच ठेवला होता.

"साहेब," ती म्हणाली, "करायचं ते तुम्ही करणारच. निदान या पोरांना खाली पाठवा. जन्मभर डोळ्यांपुढून जायचं नाही त्यांच्या."

हिवरकरांना हे पटलं. त्यांनाही कदाचित साक्षीदार नको होते. मुलं उठली, लिफ्टची वाट न बघता जिन्याने उतरली. डबेवाली मुलगी दारात वळून ईश्वरीकडे बघून गेली. जवानांनाही त्यांनी फाटकावर धाडलं. ईश्वरीने त्यांच्या बुटांचा आवाज पार तळाशी जाईपर्यंत ऐकला. तोवर नकाशावर बाबुपेठेत, अगदी घरामागच्या गल्लीत, आणखी एक ठिपका उमटला होता.

हिवरकरांनी बोट काचेजवळ नेलं आणि तिच्याकडे पाहिलं. "आता अडवत नाही?"

"नाही," ईश्वरी म्हणाली. "दाबा."

बोट टेकलं तशी ती टेबलाखाली शिरली. वरती गच्चीवरच्या सगळ्या घारी जागच्या जागी फुटल्या. छत एका झटक्यात खाली आलं. हिवरकर उभे होते तिथे एक तुळई पडली आणि ते ओरडलेसुद्धा नाहीत. ईश्वरीच्या उजव्या पायावर काहीतरी कोसळलं. हाडं मोडल्याचा आवाज तिला आधी ऐकू आला आणि कळ मागून आली. फुटलेल्या भिंतीतून तिला आकाशाचा तुकडा दिसत होता. घारी शहरभर एकेक करून नव्हे, एकदमच फुटल्या. काळे ठिपके आणि धुराचे गोळे, आणि मग लोखंडाचा पाऊस. पत्र्यांवर, रस्त्यांवर, झाडांवर तुकडे आदळत राहिले. त्यात काही माणसं जखमी झाली, एक म्हैस मेली. मग कित्येक वर्षांत पहिल्यांदाच शहरावरची ती घरघर थांबली.

तन्वीरने तिला संध्याकाळी बाहेर काढलं. तोंड सुजलेलं, दात पडलेले, त्यामुळे तो काय बोलतोय ते धड कळत नव्हतं. एवढं कळलं की बाबा ओट्यावरच आहेत आणि विचारताहेत की आज पानं इतकी सावकाश का उघडतात. ईश्वरी मातीने भरलेल्या तोंडाने हसली, मग हमसून हमसून रडली.

पालेवारांना कुणी मारलं ते कधीच कळलं नाही. घोंगडीखालच्या कुणीतरी, एवढंच. पण तोच ठसा दक्षनेत्रच्या भिंतीवरूनही उमटत होता, तेव्हा नावं घ्यायची तर कुणाकुणाची घेणार? चौकशी समिती बसली, कंपनीचा ठेका रद्द झाला आणि घारींचा कायदा गुंडाळला गेला. वर्तमानपत्रांनी ईश्वरीला वीरांगना म्हटलं. ती कुणाला भेटली नाही. घोंगडी जगाच्या साच्यात राहिली असती तर ठसा दूरदूरच्या अगणित लोकांत मिसळला असता आणि यंत्राने हात टेकले असते. वासेकर आज गल्ल्यावर असता. तन्वीर हे एका शब्दानेही बोलला नाही, आणि त्याचंच तिला जास्त लागत होतं.

पाय गुडघ्याखाली लुळाच राहिला. दवाखान्यातून आल्यावर तिने पहिलं काम केलं ते घोंगडीची नवी आवृत्ती काढायचं. बदल एकाच अक्षराचा होता. आपल्या हाताने तिने पाकळीचा ल काढला आणि जगाचा ल बसवला. मग काठी टेकत ओट्यावर आली आणि बाबांच्या पाटीत नवी आवृत्ती घालून दिली.

मारोतरावांनी चष्मा पुसला. पाटी जवळ धरली, लांब धरली. बराच वेळ ते एकाच शब्दावर बोट ठेवून बसले.

"पोरी," ते म्हणाले, "हा ल काऊन काठी टेकून उभा हाये?"

"सगळ्या जगाचा असाच असतो, बाबा."

"आन् आपला कुठं गेला?"

ईश्वरीने त्यांचा हात हातात घेतला आणि त्यांना नीट ऐकू जावं म्हणून कानाशी वाकली. "वासेकर मेडिकलच्या पाटीवर आहे," ती म्हणाली.

मारोतरावांनी समाधानाने मान हलवली. ती पाटी त्यांना आठवत होती. हिरव्यावर पांढरी अक्षरं, आणि ल त्यात सगळ्यात चांगला उतरला होता. दुकान बंद असल्याचं त्यांना अजून कुणी सांगितलेलं नव्हतं.